ट्रंकेच्या तळाशी सापडलेले जुने स्क्रॅपर: ग्राइंडरला लावण्याआधी ओळखून घ्या

वडील किंवा आजोबा फिटर होते. ते गेले आणि माळ्यावरची लोखंडी ट्रंक तुमच्या वाट्याला आली. वर पान्हे, मधे कानशी, आणि तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेली पाच-सहा लांबट हत्यारं. मूठ कानशीसारखी, पण दाते नाहीत. टोक छिन्नीसारखं, पण डोक्यावर हातोडीचा एकही घाव नाही. घरातलं कुणीतरी म्हणणारच, "झिजलेल्या कानशी आहेत, द्या भंगारवाल्याला." ते स्क्रॅपर असण्याची शक्यता बरीच आहे. मशीनने जिथे हात टेकले, तिथून पुढचं काम करणारं हे हत्यार.

ते काम काय, हे आधी दोन ओळींत. प्लेनिंग मशीनवरून (धातूच्या रंध्यावरून) उतरलेला बिडाचा बेड, म्हणजे मशीनचा पाया, डोळ्यांना सपाट दिसतो. सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट केलेल्या नमुना प्लेटवर, निळ्याचा (ठसा उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात फिरवून त्यावर तो घासला की खरं कळतं: बेड दोन-चार उंचवट्यांवरच टेकलेला असतो. निळे झालेले तेवढेच ठिपके हाताने खरवडायचे, पुसायचं, पुन्हा निळा लावायचा, पुन्हा खरवडायचं. एका फटक्यात निघतो तो थर काही मायक्रॉनचा. ठिपके वाढत वाढत एका चौरस इंचात पंधरा-वीस झाले की लेथच्या कॅरेजला (बेडवर सरकणाऱ्या भागाला) हवी तशी बैठक मिळते, आणि ठिपक्यांमधल्या खळग्यांत तेल धरून राहतं. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये ग्लासगोला वाचलेल्या निबंधात हाच मुद्दा मांडला होता: पृष्ठभाग एकमेकांवर घासून सपाट होत नाहीत, तीन प्लेट आळीपाळीने एकमेकींशी पडताळत खरवडल्या तरच होतात. 1910 मध्ये उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, मुंबईतली रेल्वेची वर्कशॉपं, गिरण्यांचे दुरुस्ती विभाग, हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर, अशा जागी मराठी फिटरांच्या कैक वर्षांच्या पाळ्या या हत्यारावर गेल्या. म्हणून आपल्याकडच्या ट्रंकांत ते इतकं सापडतं.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे पुढची सूचना पटेल. आयटीआयच्या पहिल्या वर्षी मला वडिलांचा हाफ राउंड स्क्रॅपर मिळाला. धार बोथट वाटली म्हणून सरळ बेंच ग्राइंडरला लावला. अर्ध्या मिनिटात टोकावर सुंदर मोरपिशी रंग चढला. मला वाटलं, काम झालं. संध्याकाळी वडिलांनी तो हातात घेतला, रंग पाहिला आणि एवढंच म्हणाले, "पाणी उतरवलंस." म्हणजे तापवून पोलादाचा कडकपणा घालवलास. ब्रॉन्झच्या बुशवर (दांडा ज्यात फिरतो त्या नळकांड्यावर) दोन हात मारले तर धार चक्क वळली. त्या पात्याचा आकार त्यांनी तेवीस वर्षांत ऑइल स्टोनवर, म्हणजे तेल टाकून धार लावायच्या दगडावर, आणला होता. तो आकार बघून ठेवायची संधीही मी घालवली.

तेव्हा पहिली पायरी: काहीही घासू नका.

मांडा, फोटो काढा, मग पुसा

ट्रंकेतली सगळी हत्यारं वर्तमानपत्रावर मांडा. कुठलं हत्यार कशात गुंडाळलं होतं, तेही तसंच शेजारी ठेवा. टोकावर चामड्याची टोपी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा खाच पाडलेली लाकडाची पट्टी असेल तर अर्धी ओळख तिथेच पटली. कानशीच्या टोकाला कुणी एवढं जपत नाही. स्क्रॅपरच्या धारेला जपतात.

प्रत्येकाचे तीन फोटो काढा: पूर्ण लांबी, टोक समोरून, टोक बाजूने. मग फडकं रॉकेलमध्ये भिजवून पुसा. गंज मांडीवर, म्हणजे मूठ आणि धार यांच्या मधल्या भागात असेल, तर बारीक स्टील वूल आणि थोडं तेल चालेल. धारेकडचा शेवटचा इंचभर भाग मात्र फक्त फडक्याने. पॉलिश पेपर नको, व्हिनेगरमध्ये बुडवणं नको. आम्ल आधी बारीक धार खातं आणि मग पुसट शिक्का.

हातमोजे घाला, त्याला दोन कारणं आहेत. चाळीस वर्षं पडून राहिलेली धारही बोट कापते. आणि मुठीला किंवा फडक्याला केशरी-लाल काही लागलेलं दिसलं तर तो शेंदूर असू शकतो. निळ्याच्या आधीपासून आणि पुढे त्याच्या जोडीनेही, फिटर तेलात कालवलेला रेड लेड लावून ठिपके काढत. ते शिसं आहे. त्या हाताने चहाचा कप उचलू नका, आणि ते फडकं पोरांच्या हाती लागू देऊ नका.

तोतये बाजूला काढा

प्रत्येक टोकदार पट्टी स्क्रॅपर नसते. वरचं डोकं ठोकून फुललं असेल तर ती छिन्नी. टोक गुळगुळीत, पोट लंबगोल आणि कुठेही धार नसेल तर ते बर्निशर, म्हणजे धातू दाबून चकाकवायचं हत्यार. पातळ, लवचिक, पुट्टीच्या पात्यासारखं असेल तर ते इंजिनाच्या हेडवरचा कार्बन किंवा जुनं गॅस्केट काढायचं पातं. नावात स्क्रॅपर असलं तरी आपल्या कामाचं नाही. दांड्याला आडवं बसवलेलं त्रिकोणी किंवा बदामी पातं हे शिशाच्या नळ्या साफ करणाऱ्या प्लंबरचं. लाकडाच्या लेथवरचे स्क्रॅपर खूप फसवतात. त्यांची मूठ फूटभर लांब असते आणि टोकाला एकाच बाजूने उतार असतो. धातूच्या फ्लॅट स्क्रॅपरला वरखाली दोन्ही कडा सारख्याच असतात, पातं उलटवूनही चालतं. टोक बाजूने बघा, लगेच कळेल.

आडवा छेद बघा

उरलेल्या हत्यारांचे प्रकार मोजकेच.

चपटं पातं, टोक समोरून चिरल्यासारखं, पुढे जाता जाता जाडी दोन-तीन मिलिमीटरवर आलेली: हा फ्लॅट. सपाट पृष्ठभाग, गाइडवे (मशीनचे भाग ज्यांवर सरकतात त्या पट्ट्या), सरफेस प्लेट हे त्याचं क्षेत्र. ट्रंकेत सगळ्यात जास्त हेच निघतात. हा पुढे ढकलून चालवतात. दांडा फार लांब, अर्ध्या मीटरच्या घरात असेल आणि मागे भुईछत्रासारखी रुंद लाकडी टोपी असेल, तर तो कमरेच्या खाचेत टेकवून अंगाच्या जोराने चालवायचा. दिवसभर नुसत्या मनगटावर बेड होत नाही.

तीन धारा, टोकाकडे निमुळतं: हा तिधारी, कागदोपत्री ट्रँग्युलर. भोकांच्या कडांचा बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढणं आणि लहान बुश आतून खरवडणं ही त्याची कामं. विकतच्या चांगल्या तिधारीच्या तिन्ही बाजू मधे खोलगट असतात, म्हणजे धार लावताना दगड फक्त कडांना टेकतो. घरी बनवलेला बहुधा तीनकोनी कानशीचे दाते उडवून केलेला असतो आणि बाजू सपाट राहतात.

उभ्या चिरलेल्या भेंडीसारखं पातं, एका अंगाने गोल, दुसऱ्या अंगाने सपाट किंवा पन्हाळी, टोक किंचित वर वळलेलं: हा हाफ राउंड. इंजिनाचे बेअरिंग, व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू), ब्रॉन्झचे बुश. डिझेल इंजिनांवर काम केलेल्या माणसाच्या ट्रंकेत हा असणारच. त्याची पन्हाळ नीट बघा. दोन्ही धारांमधला तो खळगा फॅक्टरीतून आला असेल तर सरळ आणि एकसारखा असतो. हाताने पाडलेला असेल तर मधे कुठेतरी डुलतो. मला तो डुलणारा जास्त आवडतो, पण ते सोडा.

सपाट केलेल्या पळीसारखं गोल टोक, आणि धार त्या गोलाच्या बऱ्याच भागावर फिरलेली: हा बुल नोज, मोठ्या बेअरिंगसाठी. लांबीच्या दिशेनेही चालतो आणि गोलाईवरूनही. टोक खाली काटकोनात वळलेलं: हा हुक, खुरप्यासारखा आपल्याकडे ओढायचा. मोठ्या पृष्ठभागाच्या मध्यभागी, जिथे फ्लॅट ढकलायला कोन मिळत नाही, तिथे हा लागतो. हे दोन्ही क्वचित सापडतात.

आणि मूठच नसलेली, बोटभर लांबीची चपटी पाती सापडली, तर ती फेकू नका. ती पातं बदलता येणाऱ्या दांड्याची असतील, सँडविक कंपनीचे तसे दांडे येत असत. किंवा बियाक्ससारख्या विजेच्या स्क्रॅपरची असतील.

धार वाचायला शिका

आकारावरून काम कळतं. माणूस कळतो तो धारेवरून. शिक्क्यापेक्षा माझा विश्वास धारेवर जास्त आहे.

फ्लॅट घ्या. टोकावर स्टीलची पट्टी आडवी धरा आणि खिडकीकडे तोंड करून बघा. पट्टी मधे टेकेल आणि दोन्ही कोपऱ्यांकडे उजेड दिसेल. ही गोलाई झिजेतून आलेली नसते, मुद्दाम दिलेली असते. धार अगदी सरळ असेल तर कोपरे बिडात रुततात आणि ओरखडे उठतात. गोलाई हलकी, जवळजवळ सरळ असेल तर तो पहिल्या, जोरकस हातांचा स्क्रॅपर. गोलाई ठळक असेल तर शेवटचे बारीक ठिपके पाडायचा. एकाच ट्रंकेत दोन-तीन फ्लॅट निघाले आणि त्यांची गोलाई वेगवेगळी असली, तर तुमचे आजोबा सुटी हत्यारं नाही, अख्खा संच बाळगून होते.

आता टोक बाजूने बघा. बिडासाठी टोक पात्याशी काटकोनात किंवा त्याहून चार-पाच अंश जास्त असतं. म्हणूनच नवख्याला ते बोथट वाटतं. छिन्नीसारखी निमुळती धार शोधत बसू नका, ती तिथे असायचीच नाही.

मग भिंग घ्या. घड्याळजीचं नसेल तर फोनचा कॅमेरा मोठा करून चालेल. टोकाचा चेहरा आरशासारखा चकाकत असेल आणि ओरखडे अतिशय बारीक, एका दिशेचे असतील, तर ते ऑइल स्टोनवर लावलेलं आहे. म्हणजे हत्यार शेवटपर्यंत खऱ्या स्क्रॅपिंगला वापरलं गेलं. ओरखडे जाडे आणि कमानदार असतील तर नंतर कुणीतरी बेंच ग्राइंडरवर नेऊन त्याला रंग खरवडायचं पातं केलंय. धारेवर पिवळसर ते निळी झाक असेल तर थांबा. साध्या कार्बन स्टीलवर निळा रंग येतो तेव्हा तापमान तीनशे अंशांच्या आसपास गेलेलं असतं. तेवढ्याने पाणी उतरतं. हायस्पीड स्टील, म्हणजे तापलं तरी कडक राहणारं कटिंगचं मिश्र पोलाद, मात्र निळं पडलं तरी बिघडत नाही, ते सहाशे अंशांच्या घरातही टिकतं. म्हणून पुढचा प्रश्न धातूचा.

कशाचं बनलंय

आधी दात्यांचं भूत शोधा. पातं उजेडात तिरपं धरलं की घासून काढलेल्या दात्यांच्या तिरक्या रेघा, विशेषतः कडेला आणि मुठीजवळ, हमखास दिसतात. म्हणजे ही जुनी कानस. यात कमीपणा काही नाही. कानशीचं स्टील भरपूर कार्बनचं आणि चांगलं कडक असतं, आणि झिजलेल्या कानशीचा स्क्रॅपर करणं हा फिटरचा नेहमीचा शिरस्ता. गेल्या दिवाळीत शेजारचा मुलगा आजोबांचा एक फ्लॅट घेऊन आला होता. बारा इंची कानस होती. एका कडेला दाते तसेच राखलेले, बाकी तिन्ही बाजू गुळगुळीत. त्याला वाटलं, काम अर्धवट राहिलं. मी ती कड डाव्या हाताच्या बोटांखाली येईल अशी धरून दाखवली. तेलकट हातातून पातं सरकू नये म्हणून आजोबांनी ती कड मुद्दाम राखली होती.

टोकावर वेगळ्या करड्या धातूचा छोटा चौकोन आणि त्याच्या खाली पितळी किंवा तांबूस रेघ दिसली, तर ती ब्रेझिंग केलेली (पितळी डागाने जोडलेली) कार्बाइड टिप आहे, म्हणजे पोलादाहून कितीतरी कडक पदार्थाचा तुकडा. जर्मनीत क्रुप कंपनीने विडिया नावाने कार्बाइड 1926 च्या सुमारास बाजारात आणलं. तेव्हा असा स्क्रॅपर 'पणजोबांचा, शंभराहून जास्त वर्षं जुना' असं कुणी सांगत असेल, तर मान डोलवा आणि पुढे चला. लोहचुंबकाने कार्बाइड ओळखता येतं असं सांगणारे भेटतील. त्यातल्या कोबाल्टमुळे तेही थोडंफार चिकटतं, त्यामुळे त्या चाचणीवर विसंबू नका.

कार्बन की हायस्पीड, हे ठिणग्यांवरून कळतं. पण धारेवर नाही, मुठीत जाणाऱ्या शेपटीवर, तेही मूठ आधीच सैल असेल तरच, आणि चाकाला फक्त निसटता स्पर्श. शेपूट मऊ ठेवलेली असते, तरी स्टील तेच. फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या म्हणजे कार्बन स्टील. गडद लालसर-केशरी, न फुटणाऱ्या रेघा म्हणजे हायस्पीड. ते वापरात आलं 1900 च्या आसपास. चष्मा घाला. मूठ घट्ट असेल तर ही चाचणी सोडून द्या, एवढ्यासाठी मूठ फोडू नये.

मूठ, फेरूल, आणि त्यावरचा माणूस

मुठीवरचं तेल पुसून टाकायची घाई नको. आधी तिच्यावर स्वतःचा हात ठेवून बघा. अंगठ्याचा खळगा कुठल्या बाजूला पडलाय? डावखुरा फिटर यातून कळतो. फेरूलजवळच्या, म्हणजे मुठीच्या तोंडावरच्या धातूच्या कड्याजवळच्या, लाकडाच्या रेषांत निळा मुरलेला असेल तर हत्यार सपाट कामावर खूप चाललं. पात्याच्या मध्यावर सायकल ट्यूब किंवा सुतळी गुंडाळलेली असेल तर तिथे दुसऱ्या हाताचा दाब यायचा, ती काढून फेकू नका. विकतची मूठ एकसारखी खरादलेली असते. स्वतः केलेली शिसवीची, बाभळीची किंवा थेट झाडूच्या दांड्याचीही सापडते.

शिक्के शेवटी बघा. 'कास्ट स्टील' असं लिहिलेलं असेल तर हत्यार ओतीव आहे असं समजू नका. क्रुसिबलमध्ये, म्हणजे मुशीत, वितळवून केलेल्या उत्तम स्टीलची ती शेफील्डची जुनी खूण आहे, आणि कानशीवरून आलेली असण्याचीही दाट शक्यता आहे. कानस बनवणाऱ्याचं नाव म्हणजे स्क्रॅपर बनवणाऱ्याचं नाव नव्हे, हा घोटाळा विकणारे आणि घेणारे दोघेही करतात. जे.के. छापाच्या कानशीचा स्क्रॅपर असेल तर स्क्रॅपर करणारे तुमचे आजोबाच. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) किंवा बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) अशी जुन्या रेल्वेची अक्षरं असतील तर हत्यार बहुतेक 1951 च्या आधी वर्कशॉपच्या नोंदीत होतं. त्या वर्षी 5 नोव्हेंबरला मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या आणि ती नावं गेली. बाणासारखी तीन रेघांची खूण ही ब्रिटिश सरकारी मालाची. पंचने ठोकलेला नुसता आकडा दिसला तर घरात पितळी बिल्ला शोधा. कामगाराचा टोकन नंबर हत्यारावर ठोकायची पद्धत होती, आणि दोन्ही आकडे जुळले तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

चालवून बघा

ओळख पक्की करायची असेल तर बिडाचा एक तुकडा आणा. जुन्या ब्रेक ड्रमचा किंवा विजेच्या मोटरच्या एंड कव्हरचा चालेल, बाहेरची कडक साल कानशीने काढून टाका. फ्लॅट साधारण वीस-तीस अंशांवर धरा, डाव्या हाताने पुढे दाबा, उजव्याने ढकला. फटका बोटाच्या पेराएवढा, जास्त नाही. धार जिवंत असेल तर बारीक, कोरडी, काळसर पूड निघते आणि खाली चकाकता डाग उरतो. स्क्रॅपर नुसता घसरला आणि बीड काळंच राहिलं, तर धार गेलीय. किर्र असा आवाज येऊन लाटा उठल्या तर कोन जास्त उभा धरलाय किंवा टोकाची गोलाई बिघडलीय. हाफ राउंडची परीक्षा ब्रॉन्झच्या जुन्या बुशमध्ये घ्या. बिडावर त्याला बोथट ठरवणं अन्याय आहे.

धार गेली असेल तरी ऑइल स्टोनच. पातं उभं धरायचं, टोक दगडावर, आणि घड्याळाच्या लंबकासारखं डुलवत न्यायचं, म्हणजे गोलाई जशी होती तशी राहते. मग दोन्ही चपट्या बाजू दगडावर सपाट टेकवून एकेक हात. कार्बाइडला हा दगड लागू पडत नाही. त्याला हिऱ्याची पट्टी हवी, आणि ती पूड नाकात जाऊ देऊ नका.

नंतर तेलाचा हात, टोकाला ट्यूबचा तुकडा, आणि मुठीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: कोणाचा, कुठल्या कामावर, कोणत्या वर्षापर्यंत. आजी, काका, जुने शेजारी यांना ते या आठवड्यातच विचारा. शेजारच्या त्या मुलाने आजीपुढे सगळे स्क्रॅपर मांडले, तेव्हा तिने निम्म्यांकडे बघितलंसुद्धा नाही. सुतळी गुंडाळलेला एक तेवढा उचलला आणि म्हणाली, "हा घरी आणायचे नाहीत ते. संप झाला तेव्हा आणला."

चिठ्ठीवर त्याने तेवढंच लिहिलंय.